दीनाबाई चित्राला बसल्या

दीना उजागरे यांना आमच्या आळीत सगळे सिस्टर म्हणतात. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी कुणाला चक्कर आली, कुणाच्या पोराला ताप भरला, की आधी त्यांच्या दारावर थाप पडते आणि मग डॉक्टर आठवतो. मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये पेरूचं एक झाड आणि कमरेएवढी भिंत आहे. ही हकीकत मला बरीचशी त्या भिंतीवरून कळली, थोडी मी स्वतः पाहिली.

सिस्टर मूळच्या राजूरच्या, अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या. वडील शाळामास्तर होते. सतराव्या वर्षी नर्सिंग शिकायला म्हणून त्या नगरला आल्या आणि इथल्याच झाल्या. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक असलेल्या सॅम्युएल उजागरेंशी लग्न झालं. मुलगी आराधना आता पुण्याला असते. आयुष्यभर वॉर्डात धावपळ केलेल्या या बाईला एक गोष्ट मात्र कधीच जमली नाही, ती म्हणजे स्वस्थ बसणं. जेवतानासुद्धा त्या दोनदा उठतात. निवृत्तीनंतर पंधरवडाभर त्यांनी घरातली सगळी फडताळं आवरली, मग सॅम्युएलरावांची आवरली, आणि तिसरं काही आवरायला उरलं नाही तेव्हा लोकांच्या घरी आजारी माणसांपाशी दिवसभर थांबण्याचं काम धरलं.

अशाच एका कामावर त्या सावेडीकडच्या म्हसे यांच्या बंगल्यात गेल्या. मुक्ताबाई म्हसे, वय ऐंशीच्या पुढे, अंगणात पाय घसरून पडल्या होत्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. माणसं मूळची राहुरीकडची, ऊसवाली. मुलगा गोरक्ष याने नगरला धंदा टाकला तेव्हा एका वकिलाच्या वारसांकडून हा बंगला घेतला. वारस परदेशात. त्यांनी सामानासकट घर विकलं आणि सामानाबरोबर ते चित्रही म्हसे कुटुंबाकडे आलं.

चित्र मुक्ताबाईंच्या पलंगासमोरच्या भिंतीवर होतं. तैलरंगातलं, चांगलं हात-दीड हात उंच. वेताच्या पाठीच्या खुर्चीत एक बाई बसलेली. वय पस्तीस-चाळीस. जांभळट नऊवारी, बारीक काठाची. कोपराखाली येणाऱ्या बाह्यांचं पोलकं. नाकात मोत्यांची लहानशी नथ, कपाळावर चंद्रकोर, हातात मोजक्या बांगड्या. राणी-बिणी कुणी नाही, कारकुनाची नाहीतर वकिलाची बायको असावी अशी. एक हात खुर्चीच्या हातावर, दुसरा मांडीत, त्यात घडी घातलेला रुमाल. मागे नुसता तपकिरी अंधार. गालावर देवीचे व्रण होते आणि चित्रकाराने ते लपवले नव्हते, एकेक नीट काढले होते. खालच्या कोपऱ्यात लाल रंगात १८९१ एवढं वाचता येत होतं. नाव पुसलेलं.

पहिल्या दिवशी सिस्टरनी विचारलं, "मावशी, या कोण? तुमच्या सासूबाई?"

"आमची कुनी न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "घराबरोबर आली. गोरक्ष म्हनला, काढून ठिवू. मी म्हनलं, राहू दे. घर तिचं हाय, आपुन मागून आलो."

आजारी माणसापाशी बसणाऱ्याला दिवस फार मोठा असतो. औषधं, अंग पुसणं, पाय हलवायचे व्यायाम, जेवण, एवढं झालं की दुपार समोर पसरलेली असते. मुक्ताबाईंना टीव्हीचा आवाज सोसत नव्हता. तेव्हा दोघी त्या बाईकडे बघत बसायच्या, आणि बघता बघता तिच्यावरून त्यांचा वाद सुरू झाला.

वाद तिच्या चेहऱ्यावरून होता. ती थेट समोर बघत होती आणि तिच्या भुवया किंचित जवळ आलेल्या होत्या. मुक्ताबाईंचं म्हणणं, ती चिडलेली आहे. "हिला कुनीतरी कामातून उठवून बसवलंय. चुलीवर आमटी हाय आन ही हितं."

सिस्टरचं म्हणणं, चिडलेली नाही, तिचं डोकं दुखतंय. उजव्या डोळ्याची पापणी बघा, अर्धशिशी असणाऱ्या बायकांची अशीच दिसते.

संध्याकाळी गोरक्षची बायको स्नेहल चहा घेऊन आली, तिला दोघींनी मध्ये घातलं. ती म्हणाली, "मला तर वाटतं तिला गर्व आहे. त्या काळात कोण काढून घेत होतं असं चित्र?"

तिघींची तीन मतं. सिस्टर भिंतीवरून मला हे सांगायच्या तेव्हा त्यांचा चेहरा शाळेतल्या मुलीसारखा व्हायचा. "एवढा वेळ बसली असेल ती. काय विचार करत असेल हो? काहीतरी करतच असेल ना?" मी म्हणायचो, कोण जाणे. माझं उत्तर त्यांना कधी पुरलं नाही.

त्याच सुमारास गोरक्षने आपल्या वारलेल्या वडिलांचं मोठं तैलचित्र करायला दिलं होतं. ते कुठे लावायचं, भिंत केवढी, हे बघायला चित्रकार घरी आले. रंगनाथ कुलथे. एका हायस्कुलातून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे मास्तर. उंच, वाकलेले, चेहरा दगडासारखा, हसणं नाही की काही नाही. सगळ्या नगरात त्यांचं नाव. कुणाचे वडील गेले, आजी गेली, की मोबाईलमधला नाहीतर आधार कार्डावरचा फोटो घेऊन लोक त्यांच्याकडे जात. मग त्या चित्राला हार पडे.

सर खोलीत आले, भिंत मोजायची विसरून त्या बाईसमोर उभे राहिले. बराच वेळ. मग जवळ जाऊन तिच्या डोळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खिडकी आहे."

"काय?" सिस्टरनी विचारलं.

"या, इथे उभ्या राहा. डोळ्यातला हा पांढरा ठिपका दिसतो ना? नुसता ठिपका नाही तो. चौकोन आहे, मधे गज आहेत. तिच्या समोर खिडकी होती. हे फोटोवरून काढलेलं नाही सिस्टर. ही बाई त्याच्यासमोर बसली होती."

सिस्टर पंजांवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती खिडकी पाहिली. इतके दिवस समोर बसून त्यांना ती दिसली नव्हती. मुक्ताबाई पलंगावरून ओरडल्या, "मला बी दाखवा की!" तेव्हा गोरक्षने मोबाईलवर डोळ्याचा फोटो काढून त्यांना मोठा करून दाखवला.

"किती वेळ बसली असेल?" सिस्टरनी विचारलं.

"एका दिवसाचं काम नव्हे हे. दोन-तीन महिने येऊन-जाऊन."

"आणि बसून काय विचार करत असेल?"

कुलथे सरांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ते बसणाऱ्याला माहीत. मी कधी कुणासमोर बसलो नाही. खरं सांगायचं तर कॉलेज सुटल्यापासून माझ्यासमोरही कुणी बसलं नाही. माझ्याकडे येतात ते फोटो. तेही गेलेल्यांचे."

सिस्टर म्हणाल्या, "मग मी बसते."

हे त्या कसं बोलून गेल्या हे त्यांनाच कळलं नाही असं त्या मला म्हणाल्या. सरांना वाटलं, चेष्टा आहे. त्यांनी विचारलं, "कशासाठी? कोणाला द्यायचंय?"

"कोणाला नाही. मला ते कळून घ्यायचंय."

मुक्ताबाई खुशीत आल्या. "बसा, बसा. आन मला सांगा काय वाटतंय ते."

घरी सॅम्युएलराव पोट धरून हसले. "दीना, तू बसणार? अगं, चर्चमध्ये उपासनेला पाळकांचा उपदेश चालू असतो तेव्हासुद्धा तू उठून पंखा बंद करून येतेस." आराधनाने फोनवर विचारलं, "आई, त्यापेक्षा चांगला फोटो काढू ना स्टुडिओत. तुला बरं वाटतंय ना?" सिस्टरनी दोघांचं ऐकून घेतलं आणि रविवारी उपासना आटोपून, लग्नासमारंभाला नेसायची निळी साडी नेसून कुलथे सरांच्या घरी गेल्या.

सरांचं घर भिंगारच्या रस्त्याला. वरच्या खोलीत उत्तरेकडे मोठी खिडकी, खाली फरशीवर रंगांचे डाग, कोपऱ्यात पाठ करून ठेवलेली कुणाकुणाच्या आजोबा-आजींची चित्रं. सरांची बायको राजेश्वरीवहिनी बारीक अंगाच्या, बोलक्या. त्या मटाराच्या शेंगा घेऊन दाराशी येऊन बसल्या. सिस्टरना खुर्ची दिली. सरांनी सांगितलं, "हात असे ठेवा. हलू नका. बोललात तरी मान फिरवू नका."

पहिल्या दिवशी सिस्टर किती वेळा उठल्या याचा हिशेब वहिनींनीही सोडून दिला. खाली कुकरची शिट्टी झाली, उठल्या. वहिनींना ठसका लागला, उठून त्यांच्या पाठीवर थापटलं. फोन वाजला, उठल्या. सर फक्त दरवेळी कुंचला खाली ठेवत. शेवटी म्हणाले, "सिस्टर, इथे कुणी आजारी नाही."

सोमवारी मुक्ताबाई वाटच बघत होत्या. "काय वाटलं?"

"गुडघा दुखला."

"येवढंच?"

"आणि गॅस बंद केला का नाही तेच सारखं डोक्यात येत होतं."

मुक्ताबाईंची निराशा झाली. पण जरा वेळाने समोरच्या बाईकडे बघत म्हणाल्या, "तिचं बी तेच असंल. आमटी."

तीन-चार रविवार गेल्यावर सरांनी कॅनव्हास वळवून दाखवला. सिस्टरनी बघितलं. गुळगुळीत गाल, काळेभोर केस, चेहऱ्यावर कसलीशी पवित्र शांती. त्यांनी विचारलं, "सर, मी मेले का?"

वहिनींना हसू फुटलं. सरांचा चेहरा हलला नाही. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग सिस्टरकडे पाहिलं, मग पातं घेतलं आणि ओला रंग खरवडून काढायला लागले. "सवय," ते म्हणाले. "फोटो हलत नाही. तुम्ही श्वास घेता, प्रकाश बदलतो, मला काही धरताच येत नाही. मग हात आपोआप तिकडे जातो." आणि पहिल्यापासून सुरुवात झाली.

आता सर हळूहळू, तुकड्या-तुकड्याने काढू लागले. एक पूर्ण रविवार त्यांनी नुसता सिस्टरचा कान काढला. त्या दिवशी सिस्टर घरी आल्या त्या धुमसतच. मी भिंतीपाशी पेरू काढत होतो.

"माणूस आहे का काय!" त्या म्हणाल्या. "मंडईत वांगं बघतात तसं बघतात हो. मी समोर आहे हेच त्यांना माहीत नाही. नुसता कान!" मी म्हटलं, मग जाऊ नका. त्या साडीचा पदर बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मीही तेच केलं ना आयुष्यभर. शीर बघायची, जखम बघायची. सलाइन लावताना एखादी बाई माझ्यावर खेकसायची, तर मला वाटायचं, एवढं करतेय तरी हिला किंमत नाही. आज कळलं ती का खेकसायची. मी तिच्या हातावरची शीर बघत होते. तिला कुणी बघतच नव्हतं."

सोमवारी त्यांनी हे मुक्ताबाईंना सांगितलं तेव्हा मुक्ताबाईंनी आपला हात पुढे केला. सुयांनी काळानिळा झालेला. "मी बी खेकसले हुते दवाखान्यात. लई खेकसले."

यानंतर सिस्टरचं बसणं सुधारलं. उठायचं बंद झालं. कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, फोन वाजू दे. आणि हलायचं नाही, बोलायचं फारसं नाही, मान फिरवायची नाही, मग बघायला समोर उरतं काय? समोरचा माणूस. खिडकीच्या उजेडात, दोन हातांवर, एकटक काम करणारा. सिस्टर सरांकडे बघायला लागल्या.

आधी सहज. शर्टाचं बटण वरखाली लागलंय. मग त्यांच्या ध्यानात आलं की सरांची पापणी फार कमी लवते. रंग कालवताना, कुंचला चालवताना उजवा हात बरा चालतो. पण डावा हात मांडीवर विसावला की त्याचा अंगठा तर्जनीवर फिरत राहतो, तंबाखू मळावी तसा. कुंचला उचलायला उठले की पहिली दोन पावलं अडखळत, फरशीला घासत. चालताना डावा हात हलतच नाही, अंगाला धरलेला. एका रविवारी खाली दूध उतू जाऊन करपलं, त्याचा वास जिन्यावरून वर आला. वहिनी धावल्या. सर म्हणाले, "काय झालं?" त्यांना वास आलाच नव्हता.

सिस्टर नुसत्या बसून होत्या. आठवडाभर त्यांनी हे मनात घोळवलं. आपण डॉक्टर नाही. उगाच कुणाला घाबरवायचं का? सॅम्युएलरावांना विचारलं. ते म्हणाले, "गाडीचा आवाज बदललेला ऐकू आला आणि मी ड्रायव्हरला सांगितलं नाही, असं कधी झालंय का?"

पुढच्या रविवारी त्यांनी बसल्या बसल्या, मान न फिरवता विचारलं, "सर, तुम्ही तंबाखू मळता का?"

"कधीच नाही. का?"

"तुमचा डावा हात बघा."

सरांनी मांडीकडे बघितलं. अंगठा फिरत होता. बघताक्षणी त्यांनी मूठ आवळली. "थंडी आहे."

"थंडी कसली?" दारातून वहिनी म्हणाल्या. "उन्हाळ्यातही करत होतात की."

"कधीपासून आहे वहिनी?"

"झालं असेल वर्ष, सव्वा वर्ष. मी म्हटलं, सवय लागली असेल."

सिस्टर खुर्चीतून उठल्या. या वेळी सरांनी कुंचला खाली ठेवला नाही, हातातच धरून राहिले. सिस्टरनी त्यांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. कागदावर नाव लिहायला सांगितलं. 'रंगनाथ' लिहिलं ते पहिलं अक्षर मोठं आणि पुढची लहान लहान होत गेलेली. "सर, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. कंपवात असू शकेल. मी चुकत असेन तर उत्तमच. पण दाखवा. औषधं आहेत त्याला, चांगली आहेत."

सर रागावले. म्हणजे आवाजावरून रागावले असावेत. चेहरा तसाच होता. "मी तुमचं चित्र काढतोय सिस्टर, तुम्ही माझी तपासणी करताय."

"तुम्ही मला हलू देत नाही. मग मी काय बघू?"

सर खिडकीकडे वळले. तेव्हा वहिनींनी मधेच, भलताच प्रश्न विचारला. मांडीवरची परात त्यांनी खाली ठेवली होती. "सिस्टर, त्या आजारात माणूस हसायचं थांबतं का?"

"हो वहिनी. चेहऱ्याचे स्नायू आखडतात. आतून हसू आलं तरी बाहेर दिसत नाही."

राजेश्वरीवहिनींनी हात पदराला पुसले. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही माझ्यावर रागावलेले नव्हता?"

"मी? कशाबद्दल?"

"मला काय माहीत कशाबद्दल! वर्षभर मी तोच विचार करतेय. काही बोलले, हसवलं, तरी तुम्ही असे. मुलाच्या लग्नात माझ्या माहेरच्यांवरून बोलाचाली झाली होती, मला वाटलं तेच मनात धरून बसलात. मी बोलणंच कमी करणार होते. मला जमलं नाही, ती गोष्ट वेगळी."

"मी रागावलो नाही," सर म्हणाले. "मला वाटलं मी हसतोय."

सिस्टर मला हे सांगत होत्या तेव्हा इथवर येऊन थांबल्या आणि पेरूची पानं गोळा करायला लागल्या. नंतर म्हणाल्या, त्या दोघांना तिथे सोडून मी खाली उतरले आणि मोरीत भांडी दिसली ती घासत बसले. दुसरं काय करणार?

डॉक्टरांनी कंपवातच सांगितला. सुरुवातीचा. गोळ्या सुरू झाल्या, रोज चालायला सांगितलं, मोठ्या अक्षरात लिहायचा सराव करायला सांगितलं. पहिले काही दिवस सरांना गोळ्यांनी मळमळायचं. त्या काळात चित्राचं काम बंदच होतं आणि सिस्टरना वाटलं, आता ते होत नाही. पण एका रविवारी उपासनेहून परतताना वहिनींचा फोन आला, "खुर्ची लावलीय. निळीच साडी नेसा म्हणतात."

हे सगळं सोमवारी सोमवारी मुक्ताबाईंपर्यंत पोचत होतं. एव्हाना त्या वॉकर धरून खोलीत चालायला लागल्या होत्या. आजाराचं ऐकून त्या हळहळल्या, वहिनींचं ऐकून त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग वॉकर सरकवत सरकवत भिंतीपाशी गेल्या आणि त्या जांभळ्या नऊवारीवालीच्या समोर उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच इतक्या जवळून.

"शिस्टर," त्या म्हणाल्या, "आपुन येड्या का काय? आपल्याला वाटतंय ही आपल्याला बघतीया. हिच्यापुढं आपुन कुठं हुतो? हिच्यापुढं तो हुता, चित्र काढनारा."

सिस्टर उठून त्यांच्या शेजारी गेल्या. दोघी बघत राहिल्या. आता ते भुवया जवळ आणून बघणं त्यांना वेगळं दिसायला लागलं. ती चिडलेली असेल, डोकंही दुखत असेल. पण ती कुणालातरी नीट निरखत होती. तो कसा होता? तरुण होता? त्याचा हात कापत होता? त्याच्या शर्टाचं बटण वरखाली लागलं होतं? आणि नवऱ्याखेरीज परक्या पुरुषाकडे मान वर करून बघायची सोय नव्हती त्या काळात तिला दोन-तीन महिने एका पुरुषाकडे बघत बसायला मिळालं, हलायचं नाही म्हणूनच! यावर मुक्ताबाई इतक्या हसल्या की सिस्टरना त्यांचा वॉकर धरावा लागला. हे खरं की खोटं, सांगणारं कुणी नाही. कोपऱ्यातलं नाव पुसलेलं आहे. गोरक्षने वकिलाच्या वारसांना विचारून पाहिलं. त्यांनाही बाई कोण ते ठाऊक नव्हतं, चित्रकार तर दूरच.

सिस्टरचं चित्र होळीच्या सुमारास पुरं झालं. मी ते पाहिलं आहे. ते साऱ्या ठिकाणी सारखं नाही. कान अप्रतिम आहे. गळ्याशी आणि पदरापाशी उजवा हातही थरथरलेला दिसतो. सरांनी ते झाकायचा प्रयत्न केला नाही, उलट तसे तुटक फटकारेच पुढे साडीभर चालवले. निळा रंग त्यामुळे हलल्यासारखा वाटतो. हनुवटीवर मस आहे, डोळ्यांखाली काळं आहे. केस अर्धे पांढरे. नजर थेट समोर, आणि चेहऱ्यावर अशी काळजी की बघणाऱ्याला वाटावं, आपल्याला काही झालंय की काय.

सॅम्युएलराव म्हणाले, "ही तू नाहीस. ही तुझी आई आहे, राजूरची." सिस्टरना ते पटलं आणि आवडलं. आराधना पुण्याहून आली तेव्हा चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "मी तापाने आजारी पडले की तू अशी बघायचीस." चित्र बैठकीत लावलं, पण ते तिथे टिकलं नाही. राजूरचे एक पाहुणे आले, त्यांनी भिंतीकडे बघून हात जोडले आणि सॅम्युएलरावांना हळू आवाजात विचारलं, "केव्हा गेल्या?" सिस्टर आत चहा करत होत्या. त्या दिवशीच चित्र आतल्या खोलीत, शिवणयंत्राच्या वर गेलं.

मुक्ताबाईंच्या घरचं काम संपलं. आता सिस्टर दुसऱ्या एका घरी जातात, तिथे एक रिटायर्ड पोस्टमास्तर आहेत. त्या मला म्हणाल्या, आता सुई टोचण्याआधी मी आधी माणसाच्या तोंडाकडे बघते, मग हाताकडे. त्याने वेळ थोडा जास्त लागतो.

कुलथे सरांनी फोटोवरून चित्रं काढणं सोडलेलं नाही. लोक येतात, नाही म्हणवत नाही. पण गेल्या आठवड्यात सिस्टरबरोबर मीही भिंगारला गेलो होतो, तेव्हा वरच्या खोलीत खिडकीसमोरच्या खुर्चीत राजेश्वरीवहिनी बसल्या होत्या. केसांत अबोली. सरांनी आम्हाला बघून मान हलवली, आणि गोळ्यांचा गुण असेल किंवा आता मला बघायचं कळत असेल, त्यांच्या ओठांची डावी बाजू किंचित वर गेलेली मला दिसली. वहिनी बोलत होत्या. भाजीवालीचं, जावेचं, नळाला पाणी कधी आलं त्याचं. सर म्हणत, "बोलू नकोस जरा." त्या म्हणत, "हो," आणि पुन्हा बोलायला लागत.

कॅनव्हासवर कपाळ झालं होतं, डोळे झाले होते, अबोलीची फुलंही झाली होती. तोंडाची जागा तेवढी कोरी होती. सर कुंचला धरून थांबले होते.